पस्तीस म्हणजे पस्तीस

चंद्रहास : लिहा. 'माझ्या निष्काळजीपणामुळे मंडळाच्या वार्षिक छायाचित्रात…' लिहिताय ना, हुसेनभाई?

हुसेन : लिहितोय, सर. चष्मा पुसतोय आणि लिहितोय. 'निष्काळजीपणामुळे' इथपर्यंत आलो. कोणाच्या म्हणालात?

चंद्रहास : तुमच्या! 'माझ्या' म्हणजे तुमच्या. खाली नाव तुमचं येणार आहे. हुसेन, फोटोग्राफर, फहाहील, कुवेत.

हुसेन : नाव येणारच असेल तर पत्ताही टाकतो. मोबाइलच्या दुकानावर, जिना चढून डावीकडे. एखादं गिऱ्हाईक येईल.

चंद्रहास : ही जाहिरात नाही, माफीपत्र आहे. आज पाचच्या आत मंडळाच्या ग्रुपवर पडलं पाहिजे. तीन दिवस मला फोन येतायत. 'अध्यक्ष, फोटोत आम्ही कुठे?' काय सांगू लोकांना? नऊ माणसं कापलीत तुम्ही. नऊ!

हुसेन : कापायला माझ्याकडे हत्यार नव्हतं, सर. एक बटण होतं. तुम्ही दाबा म्हणालात, मी दाबलं.

चंद्रहास : हीच ती वृत्ती. आयुष्यभर पांढऱ्या पडद्यासमोर माणसं बसवून 'हनुवटी खाली, डोळे उघडे' करत आलात, दुसरं काय येणार? सिव्हिल आयडीचे फोटो काढणाऱ्याला मी मंडळाच्या फोटोला बोलावलं, ही माझी चूक. ती मी मान्य करतो. मोठ्या मनानं.

हुसेन : सिव्हिल आयडीच्या फोटोला एक नियम असतो बघा. दोन्ही कान दिसायला पाहिजेत. आता ह्या तुमच्या फोटोत उजव्या टोकाला या. हा एक कान आलाय. आणि ही बाही, पिवळ्या चौकड्याची. बाकीचा काशिनाथ बाहेर राहिला. एवढ्यावर सरकारी खिडकीतून माणूस परत पाठवतात.

चंद्रहास : कोण काशिनाथ?

हुसेन : सुतार. दर गणपतीत तुमचं मखर करतो, स्टेज ठोकतो. एकवीस वर्षं झाली.

चंद्रहास : अच्छा, तो! अहो, कडेचं कोण बघतं? लोक मधली रांग बघतात. प्रमुख पाहुणे बघा कसे आलेत. त्यांच्या बाजूला मी बघा. डोळ्यांतली चमक बघा! ही लेन्सची कमाल. माझ्या लेन्सची.

हुसेन : चमक आहे. आता जरा डावीकडे बघता? तिसरी रांग.

चंद्रहास : काय आहे तिथे?

हुसेन : काय आहे ते नाय. कोण नाय ते बघा म्हणतोय.

चंद्रहास : मला कोडी घालू नका. मी रोज पाइपांच्या वेल्डिंगमधली केसाएवढी चीर पकडतो. त्याचाच पगार घेतो मी.

हुसेन : ही नऊ माणसं केसापेक्षा जाड होती, सर. म्हणून निसटली असतील.

चंद्रहास : तुमचा हा खोचकपणा ना, जाऊ दे. मुद्द्यावर या. गुरुवारी सबाह अल-सालेमच्या त्या सिरदाबात मी स्वतः चार तास घालवले होते की नाही?

हुसेन : होते.

चंद्रहास : तळघर अरुंद. मागे सरकायला जागा नाही. म्हणून मागच्या भिंतीला चिकटून ट्रायपॉड लावला. माझा फुल फ्रेम कॅमेरा, त्यावर पस्तीस मिलिमीटरची लेन्स. फरशीवर टेप मारली. पहिली खुर्ची कुठे, शेवटचा माणूस कुठे, सगळं इंचाइंचानं. याला नियोजन म्हणतात.

हुसेन : बघितलं मी. तुम्हीच ग्रुपवर टाकले होतेत. एकेचाळीस फोटो, रिकाम्या खुर्च्यांचे. एक खुर्ची कापलेली नाय. एवढ्या पूर्ण खुर्च्या मी जन्मात बघितल्या नव्हत्या.

चंद्रहास : मग?

हुसेन : मग शुक्रवारी माणसं आली, आणि तुमच्या कॅमेऱ्याची बॅटरी घरी चार्जरवर राहिली.

चंद्रहास : ते सुचित्राचं काम होतं. बायकोला एक बॅटरी आठवणीनं पिशवीत टाकता येत नाही. आणि तुमची बॅटरी माझ्या कॅमेऱ्यात बसेना. साहजिक आहे. बैलगाडीचं चाक मोटारीला बसत नाही.

हुसेन : पण मोटारीचं इंजिन बैलगाडीला बसवलंत.

चंद्रहास : उपकार केले! तुम्ही त्या डबड्यावर ती प्लॅस्टिकची लेन्स चढवत होतात. अठरा-पंचावन्न! कॅमेऱ्याच्या खोक्यात थर्माकोलबरोबर फुकट येते ती! मी म्हटलं, थांबा, ही माझी लावा. काच कशाला म्हणतात ते तुमच्या कॅमेऱ्यालाही एकदा कळू दे.

हुसेन : कळलं त्याला. त्यानं मला सांगितलंसुद्धा. मी आत डोळा लावला आणि म्हटलं, सर, माझ्या कॅमेऱ्यावर हिला कमी दिसतंय, दोन्ही बाजूची माणसं बाहेर जातायत. मागे सरकू म्हटलं तर पाठीला भिंत, आणि भिंतीमागे सरळ कुवेतची वाळू.

चंद्रहास : आणि मी काय म्हणालो?

हुसेन : खुर्चीतून न उठता म्हणालात, 'पस्तीस म्हणजे पस्तीस. कालच बघून ठेवलंय. बटण दाबा.'

चंद्रहास : मग चूक काय त्यात? फोकल लेन्थ हा लेन्सचा गुण आहे. लेन्सवर छापलेला असतो. ती तुम्ही माझ्या कॅमेऱ्यावर लावा, तुमच्या डबड्यावर लावा, नाहीतर उंटाच्या पाठीवर लावा. म्हणे लहान कॅमेऱ्यावर ती बावन्नची होते! पस्तीसचे बावन्न होतात का कुठे? सांगा, होतात?

हुसेन : नाय होत.

चंद्रहास : बघा! स्वतःच्या तोंडानं कबूल केलंत.

हुसेन : पस्तीसचे पस्तीसच राहतात, सर. फक्त माणसं नऊ कमी होतात.

चंद्रहास : छे! मग तुम्हाला दिसत होतं, तर नंतर दुसरा फोटो का नाही घेतलात तुमच्या त्या फुकटच्या लेन्सनं?

हुसेन : घेणार होतो. लेन्स खिशात होती. तेवढ्यात तुम्ही टाळी वाजवून 'झालं! जेवायला चला' म्हणालात. मटणाच्या वासाला उठलेली रांग परत लावायला पोलीस लागतात. आणि मोबाइल तर तुम्ही सगळ्यांचे आधीच खिशात घालायला लावले होते.

चंद्रहास : लावणारच. तो आपला चिटणीस मुकेश मोबाइल वर धरून उभा! सर्वांसमोर झापला त्याला. म्हटलं, तुझ्या त्या मोबाइलचा सेन्सर केवढा? हरभऱ्याच्या डाळीएवढा. आणि तू मंडळाचा इतिहास टिपणार?

हुसेन : डाळ लहान खरी, पण त्याची लेन्सही तेवढीच आखूड असते. सगळे आले असते त्याच्यात.

चंद्रहास : पुरे. पुढे लिहा. 'नऊ सभासदांना झालेल्या मनस्तापाबद्दल…'

काशिनाथ : येऊ काय, हुसेनभाय? चपला भायेर काढल्यात.

हुसेन : ये रे, काशिनाथ. चपला कशाला काढल्यास, मशीद आहे की देऊळ? ये. हे सर बसलेत.

काशिनाथ : नमस्कार, साहेब. मी परत येतो हवं तर. तुमचं काम चाललाय.

हुसेन : तुझंच काम चाललंय. बस. हातात काय आहे पेपरात गुंडाळलेलं?

काशिनाथ : फ्रेम हाय. बारा बाय अठरा, तुमी माप सांगितलंवतं ना, तेवढीच. साइटवर मशिनीची खोकी येतात, त्याचा लाकूड. रंधा मारला तर सागवानाला मागं सारील. फोटो झाला काय? म्हटला, हितंच बसवून बघूया. शुक्रवारी विमान हाय माझा. आता परत यायचा नाय.

चंद्रहास : सुटीवर चाललास?

काशिनाथ : कायमचा, साहेब. कंपनीनं कागद दिलान. एकवीस वर्सं झाली, पुरे झाला.

चंद्रहास : अरे वा. शुभेच्छा. मग आमच्या पुढच्या गणपतीचं मखर?

काशिनाथ : माप लिवून ठेवलाय, साहेब. भिंतीवर, पडद्यामागं. कोण पण करील.

हुसेन : काशिनाथ, फोटोचं असं झालंय…

काशिनाथ : काय, झाला नाय अजून?

हुसेन : झालाय. ग्रुपवर पडून तीन दिवस झाले.

काशिनाथ : मी नाय त्या ग्रुपमदी. मना घेतला नाय कोणी. दाखवा तर.

चंद्रहास : सरळ सांगा ना माणसाला. हे बघ, तू त्यात नाहीयेस. टेक्निकल प्रॉब्लेम. हुसेनभाई त्याची माफी मागतायत.

काशिनाथ : मी व्हतो की, साहेब. उजव्या अंगाला, खांबाजवळ. तुमीच म्हणालात, टेपवर पाय ठेव, हलू नको. मी पाय नाय हलवला. जेवायला गेलो तवाच उचलला.

हुसेन : तू नाय हललास. तुझी चूक नाय रे त्यात. हे बघ. हा कान.

काशिनाथ : हा माझा हाय.

हुसेन : आणि ही बाही.

काशिनाथ : हां. शर्ट नवा व्हता. मालननं पाठवलान गावच्या माणसाकडनं, फोटोसाठीच. बाही बघून वळखील ती. पण… कान वळखील की नाय काय म्हायती.

चंद्रहास : एवढं काय वाईट वाटून घ्यायचं? फोटो काय, दरवर्षी निघतो.

काशिनाथ : दर वर्सी निघतो, साहेब. पण मी दर टायमाला शिडीवर असतो, नायतर कोणाची शिडी धरून भायेर. एकवीस वर्सांत एका फोटोत नाय. मालन फोनवर विचारते, मंडळ मंडळ करतांव, तुमी कुठं हाय त्यात? ह्या टायमाला मी बोललो, येताना फोटो घेऊनच येतो. भिंतीवर खिळा ठोकून ठेवलान तिनं.

हुसेन : ऐकताय ना, सर? खिळा ठोकून ठेवलाय.

चंद्रहास : ऐकतोय. मी निर्दय नाही. दोन उपाय आहेत. पहिला, सॉफ्टवेअरनं चिकटवू. हुसेनभाईंकडे याचा पासपोर्टचा फोटो असेलच, त्यातलं डोकं उचलायचं आणि खांबाजवळ ठेवायचं.

हुसेन : आहे. पण त्यात तो बारा वर्षांनी लहान आहे, आणि गळ्यात माझ्या दुकानाचा टाय आहे.

काशिनाथ : डोका नुसता नको, साहेब. मी पुरा व्हतो तिथं.

चंद्रहास : मग दुसरा उपाय. हा मी कालच तयार केलाय. फोटो कॅलेंडरवर छापला जाणार, त्याखाली सन्मानानं एक ओळ टाकायची : 'छायाचित्राबाहेर, डावीकडून' आणि पुढे नऊ नावं. कोणाला वगळलं असं व्हायला नको.

काशिनाथ : भायेर पण डावीकडनंच मोजायचा?

चंद्रहास : पद्धत असते रे. तुला नाही कळायचं.

काशिनाथ : नाय कळत, खरा. मना एवढाच सांगा, गुरुवारी तुमी टेप मारलीत तवा शेवटचा माणूस बसत व्हता. शुक्रवारी नाय बसला. कॅमेरा त्याच जागेवर, लेन्स तीच, टेप तीच. मग कमी कसा पडला?

चंद्रहास : सांगितलं तरी डोक्यावरून जाईल. यात ऑप्टिक्स आहे.

हुसेन : मी सांगतो. लेन्स मागे जे चित्र पाडते ना, ते गोल पडतं. पुरीएवढं समज. सरांच्या कॅमेऱ्यात ते झेलायचा तुकडा, म्हणजे सेन्सर, मोठा आहे, माझ्या कॅमेऱ्यात लहान. चित्र तेवढंच, झेलणारा लहान.

काशिनाथ : म्हंजे खिडकी बारकी.

हुसेन : अं?

काशिनाथ : थांबा, फ्रेम सोडतो पेपरातनं. ही बघा. साहेब, हितं उभे राव्हा जरा, ह्या जागेवर. ही डोळ्यासमोर धरतो. भायेर काय काय दिसतं?

चंद्रहास : काय हा पोरखेळ… सोन्याचं दुकान दिसतं. त्याच्या बाजूला खुबूज रोट्यांची भट्टी. इकडे औषधाचं दुकान.

काशिनाथ : आता फ्रेमीत हा पुठ्ठा बसवतो. मधी भोक पाडलाय, फोटोला कड यावी म्हणून आणलाय. हात माझा तिथंच हाय. तुमी बी तिथंच. आता?

चंद्रहास : सोन्याचं दुकान.

काशिनाथ : भट्टी?

चंद्रहास : पुठ्ठ्यामागे गेली. अर्थातच.

काशिनाथ : सोन्याचा दुकान जवळ आला काय?

चंद्रहास : नाही. कशाला येईल?

काशिनाथ : नाय आला. तेवढाच हाय, तिथंच हाय. फकस्त भट्टी गेली आणि औषधाचा दुकान गेला. पुठ्ठ्यातनं सगळा बघायचा असल तर मागं जावा, नायतर दुसरी लेन्स लावा पसरट दिसणारी. मागं भिंत व्हती. म्हंजे लेन्सच बदलायला हवी व्हती. असाच ना, हुसेनभाय?

हुसेन : बराबर असंच. माझ्यावर तेवीस-चोवीस लावली असती, तर सरांच्या पस्तीसाएवढं दिसलं असतं. माझी अठरा-पंचावन्न त्याहून पसरट होते. खिशातच होती ती.

चंद्रहास : म्हणजे आता सुतार मला ऑप्टिक्स शिकवणार. खोक्याच्या लाकडाची फ्रेम हातात धरून! मी जपानहून मागवलेली तीन पुस्तकं वाचलीयत या विषयावर.

हुसेन : त्यानं एक पुठ्ठा आणलाय. वाद कशाला, सर? तुमचा कॅमेरा पिशवीत आहेच, बॅटरी आज आत असेल. ह्या मागच्या भिंतीला ट्रायपॉड लावतो. लेन्स तुमचीच. आधी माझं डबडं, मग तुमचा. बघूया.

चंद्रहास : बघूयाच! होऊन जाऊ दे. मी असा मध्ये बसतो.

हुसेन : मध्ये बसून काय सिद्ध होणार? मध्ये बसलेला दोन्हीत पुरा येतो. त्याला जन्मभर कळत नाय सेन्सर केवढा आहे ते.

चंद्रहास : म्हणजे?

हुसेन : म्हणजे माप घ्यायला तुम्ही कडेला उभे राहा. तिथे, कोट लटकवलेत त्या खुंटीच्या अलीकडे. काशिनाथ, तू स्टुलावर बस. मध्ये.

काशिनाथ : मी? साहेब उभे आणि मी बसू? नको, हुसेनभाय. बरा नाय दिसत.

हुसेन : माप आहे रे हे. बस. हनुवटी… नको, हनुवटी राहू दे तुझी तिथेच. फ्रेम मांडीवर धरलीस तरी चालेल. बरी दिसते.

चंद्रहास : मला चुकीचा ठरवण्यासाठी किती ही धडपड! घ्या. मी इथे उभा आहे. मी कापला जातो का बघूच.

हुसेन : सर, मान आत नका घेऊ.

चंद्रहास : मी नाही घेतली.

हुसेन : घेतलीत. नैसर्गिक आहे. टोकाचा प्रत्येक माणूस घेतो. काशिनाथ, इकडे बघ. मालन समोर आहे असं समज. अरे, एवढं घाबरून नको! हां. हलू नका. झालं. आता हिला सरांच्या कॅमेऱ्यावर लावतो. ट्रायपॉड तोच, स्क्रू तोच, आत कार्ड माझं. हां… हलू नका. झालं.

चंद्रहास : आणा इकडे. दाखवा.

हुसेन : हा तुमचा. फुल फ्रेम. काशिनाथ पुरा, तुम्ही पुरे, खुंटीवरचे तीन कोट पुरे, आणि कोपऱ्यातली बादलीसुद्धा पुरी.

चंद्रहास : उत्तम. काय धार आहे बघा! आता तुमचा दाखवा.

हुसेन : हा माझा.

चंद्रहास : यात मी कुठे?

हुसेन : एक कान आलाय. मान आत घेतलीत म्हणून. आणि ही बाही.

चंद्रहास : तुम्ही वळवला कॅमेरा!

हुसेन : वळवला असता तर काशिनाथ मधून हलला असता. बघा, मधोमध आहे. दोन्ही कान आहेत त्याला.

चंद्रहास : लेन्स कितीची होती?

हुसेन : पस्तीस.

चंद्रहास : दोन्ही वेळा?

हुसेन : दोन्ही वेळा.

चंद्रहास : बदलली का फोकल लेन्थ?

हुसेन : नाय बदलली.

चंद्रहास : मग माझंच खरं ठरलं की! पस्तीस म्हणजे पस्तीस. मी पहिल्यापासून हेच सांगतोय. दोष तुमच्या सेन्सरचा. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा. म्हणजे तुमचा.

हुसेन : मानलं, सर. मग एक करूया. उद्या गुरुवार. संध्याकाळी सगळ्यांना परत बोलावू त्याच सिरदाबात. पंधरा मिनिटांचं काम. तुमचा कॅमेरा, तुमची लेन्स, तुमची टेप अजून फरशीवर आहे. काशिनाथचं विमान शुक्रवारी आहे. त्याचा फोटो होईल, माफीपत्रात तुम्ही म्हणाल ते लिहितो. निष्काळजी लिहा, अडाणी लिहा.

चंद्रहास : अशक्य.

हुसेन : का?

चंद्रहास : परत फोटो काढायचा याचा अर्थ काय होतो? आधीचा चुकला. आधीचा कोणी आखला होता? अध्यक्षांनी. तुम्हाला मंडळ कसं चालतं याची कल्पना नाही. शिवाय कॅलेंडर आज छापायला जातंय, आणि प्रमुख पाहुण्यांनी त्यांचा फोटो त्यांच्या ऑफिसात लावलासुद्धा. शर्कमध्ये, सतराव्या मजल्यावर. एका… एका माणसासाठी शंभर माणसं परत गोळा करायची?

हुसेन : नऊ माणसांसाठी.

चंद्रहास : नऊ तर नऊ! कोण आहेत ते नऊ? दोन सुतार, एक एसीवाला, स्वयंपाकाला मदत करणारे तिघे, तो दाढीवाला ड्रायव्हर…

हुसेन : सात झाले.

काशिनाथ : जाऊ दे, हुसेनभाय. नको त्यांस तकलीफ.

हुसेन : तू गप बस जरा. सात झाले, सर. आठवी ती नर्स, क्षितिजा, ड्यूटीवरून धावत आली होती. नववं माणूस आठवा. डावीकडे, तिसरी रांग, अगदी टोकाला. स्वतःची खुर्ची पाहुण्यांच्या बायकोला देऊन मागे जाऊन उभं राहिलेलं.

चंद्रहास : कोण?

हुसेन : निळी पैठणी.

चंद्रहास : निळी… छे, ती स्वयंपाकघरात होती. सुचित्रा स्वयंपाकघरात होती!

हुसेन : डोळा मी लावला होता, सर. त्या टेपवर उभ्या होत्या. मी हात करून आत सरका म्हटलं, त्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, कोणी हलायचं नाही.

चंद्रहास : तीन दिवस फोटो माझ्या फोनवर आहे. मी बघितला असता तर…

हुसेन : बघितलात ना. चमक बघितलीत.

काशिनाथ : साहेब, तुमचा फोन वाजतोय. पिशवीत.

चंद्रहास : हं… हॅलो. हो, इथेच, हुसेनभाईंकडे. … कुठला फोटो? … कॅलेंडरचं प्रूफ तुझ्याकडे कशाला आलं? … नाही, नाही, अगं, 'छायाचित्राबाहेर, डावीकडून' हे सन्मानानं लिहिलंय. … पहिलं नाव? … डावीकडून पहिलं म्हणजे मानाचंच झालं ना! … मुकेशनं ती यादी केली, मी फक्त सही केली. … अगं, ऐक. हे टेक्निकल आहे, लेन्सचा दोष नाही यात, पस्तीस म्हणजे… हॅलो? … हॅलो?

हुसेन : रेंज नसते इथे कधीकधी.

चंद्रहास : मला निघायला हवं. ते माफीपत्र, काय लिहिलंत? वाचा पटकन.

हुसेन : 'मंडळाच्या फोटोत नऊ माणसं आली नाहीत. कॅमेरा माझा होता. लेन्स अध्यक्षांची होती. आपला, हुसेन.'

चंद्रहास : 'कॅमेरा माझा होता', हे आहे ना त्यात? स्पष्ट?

हुसेन : स्पष्ट आहे.

चंद्रहास : मग टाका ग्रुपवर. लोकांना कळू दे कोणाचा काय दर्जा आहे. माझा कॅमेरा द्या, लेन्ससकट. झाकण कुठे गेलं? असू दे. येतो.

(काचेचं दार लागतं. जिन्यावर उतरत्या बुटांचा आवाज.)

काशिनाथ : साहेब चिडले.

हुसेन : चिडले नाय. मोजतायत. घरी पोचेपर्यंत नऊपर्यंत पोचतील. चहा घेतोस? कपात धूळ आहे, पण धुतो.

काशिनाथ : नको. मी निघतो. फ्रेम ठेवू काय हितं? तुमाला होईल कशाला तरी.

हुसेन : वेडा झालास काय! बस खाली. हे बघ, हे दोन आहेत ना आत्ता काढलेले. त्यांच्या कॅमेऱ्यातलं कार्ड माझं होतं, दोन्ही माझ्याकडेच आहेत. ह्यातला हा छापतो तुला, बारा बाय अठरा, बराबर तुझ्या फ्रेमीचा. मोठ्या कॅमेऱ्याचा. तू स्टुलावर बसलायस आणि मंडळाचे अध्यक्ष बाजूला उभे आहेत, कोटाला टेकून. गावात कोणाकडे नसेल असा फोटो.

काशिनाथ : दुसरा दाखवा.

हुसेन : दुसरा माझ्या डबड्याचा. त्यात ते नाहीत. म्हणजे तेवढेच आहेत, कडेला.

काशिनाथ : ह्याच्यात मी मोठा दिसतो.

हुसेन : छापला म्हणजे दिसणारच. आजूबाजूचं गेलं ना. माणूस तेवढाच, कागद तेवढाच, गर्दी कमी.

काशिनाथ : बादली पण नाय ह्याच्यात.

हुसेन : बादली पण नाय.

काशिनाथ : दोन्ही कान हायत माझे.

हुसेन : दोन्ही. सरकारी खिडकीत चालेल.

काशिनाथ : मग हाच छापा.

हुसेन : बघ हां, नीट विचार कर. भिंतीवर जन्मभर राहायचा आहे. मालननं उद्या विचारलं, हा कडेला कान कोणाचा, तर काय सांगशील?

काशिनाथ : सांगीन, मंडळातला हाय कोणतरी. टोकाला उभा व्हता.